धागा: गोव्याच्या प्राचीन राजवटींचा तक्ता एका ओळीत बसतो का?

सातेरी
नमस्कार मंडळी. गावच्या वाचनालयाच्या भिंतीवर गोव्याच्या प्राचीन इतिहासाचा तक्ता रंगवायचं ठरलं आहे. जागा ६ फूट रुंद, ४ फूट उंच. वाचणारी मुलं पाचवी ते दहावीची. कच्चा मजकूर असा:

मौर्य → सातवाहन → भोज → कोकणचे मौर्य → बदामीचे चालुक्य → राष्ट्रकूट → शिलाहार → कदंब → यादव → बहमनी → विजयनगर → बहमनी → आदिलशाही → पोर्तुगीज (१५१०)

प्रश्न तीन. क्रम बरोबर आहे का? प्रत्येकासमोर सन घालायचे तर कुठले खात्रीचे? आणि कदंबांच्या घरात चित्र कुठलं काढावं, तांबडी सुर्लाचं देऊळ चालेल ना?

साष्टीकर
क्रम ठीक वाटतो. फक्त भोजांच्या खाली राजधानी चंद्रपूर, म्हणजे आजचं चांदर, हे लिहाच. देवराज भोजाचा शिरोड्याला मिळालेला ताम्रपट तिथूनच दिलेला आहे.

लिपिवेडा
क्रम ठीक नाही, आणि अडचण नावांची नसून बाणांची आहे. बाण काढला की मुलं समजणार, एक गेला आणि दुसरा आला. गोव्यात तसं फार थोड्या वेळा घडलं. बहुतेक काळ इथे एकाच वेळी दोन सत्ता होत्या: घाटापलीकडे बसलेला सार्वभौम आणि इथे राहून कारभार करणारा मांडलिक.

खारेपाटणचा ताम्रपट बघा. शक ९३०, म्हणजे इ.स. १००८. देणारा शिलाहार रट्टराज. पण लेखाची सुरुवात त्याच्या घराण्यापासून होत नाही. आधी राष्ट्रकूटांची वंशावळ येते, मग तैलप चालुक्य, मग त्याचा मुलगा सत्याश्रय, आणि त्यानंतर कुठे शिलाहारांचा मूळपुरुष सणफुल्ल. त्याला सह्याद्री आणि समुद्र यांमधला मुलूख कृष्णराज राष्ट्रकूटाच्या कृपेने मिळाला असं साफ लिहिलंय. म्हणजे 'राष्ट्रकूट → शिलाहार' हा बाण चूक. राष्ट्रकूट वर आणि शिलाहार खाली, असे दोघे एकाच वेळी होते. ९७३ मध्ये तैलपाने राष्ट्रकूटांना संपवलं. वरचा धनी बदलला, खालचे शिलाहार जागेवरच राहिले.

तक्त्याला आडव्या दोन ओळी करा. वरची सार्वभौमांची, खालची स्थानिकांची. अर्धी चूक तिथेच दुरुस्त होईल.

अबोली
+१. दोन ओळींची कल्पना फार आवडली.

अंत्रुजकर
लिपिवेडाबाबांशी सहमत. त्यात दोन गोंधळ आणखी घालतो, कारण मुलांच्या वह्यांत ते कायम दिसतात.

पहिला मौर्यांचा. अशोकाचे मौर्य इ.स.पू. तिसऱ्या शतकातले. कोकणच्या मौर्यांचे आपल्याकडचे ताम्रपट, शिवापूरचा चंद्रवर्म्याचा आणि बांदोड्याचा अनिर्जितवर्म्याचा, अक्षरवटिकेवरून, म्हणजे अक्षरांच्या वळणावरून, पाचव्या-सहाव्या शतकाच्या आसपासचे धरतात. मध्ये साधारण सातशे-आठशे वर्षं गेली. नाव तेच म्हणून एकच रंग देऊ नका.

दुसरा कदंबांचा. बनवासीचे कदंब, मयूरशर्म्याचे, चौथ्या शतकातले. गोव्याचे कदंब दहाव्या-अकराव्या शतकात पुढे आले. आपल्याकडे कदंब म्हटलं की आधी त्या नावाची सरकारी बस आठवते, मग गोपकपट्टणचा जयकेशी, आणि बनवासी राहूनच जातं. तक्त्यावर 'गोव्याचे कदंब' असं पूर्ण लिहा.

भोजांचंही तेच. अशोकाच्या तेराव्या शिलालेखात 'भोज-पितिनिक' येतात. ते आणि चांदरचे भोज एकच, असं धरून ओळ जोडू नका.

साष्टीकर
मान्य. मौर्यांचं लक्षात आलं नव्हतं. पण मग ऐहोळेच्या शिलालेखात चालुक्य राजा पुलकेशीने कोकणातल्या मौर्यांना हरवून 'पश्चिम समुद्राची लक्ष्मी' अशी पुरी घेतली, ती गोव्यातलीच ना? आपल्या मौर्यांची राजधानी कुमारद्वीप होती, तीच ही असणार.

लिपिवेडा
नाही हो साष्टीकरबाब. पुरी बहुतेक अभ्यासक उत्तर कोकणात धरतात, घारापुरी किंवा राजपुरीच्या बाजूला. कुमारद्वीप हे नाव बांदोड्याच्या ताम्रपटातलं. दोन्ही एकच मानायला लेखात आधार नाही.

ऐहोळेचं मौर्यांवरचं वाक्य मात्र तक्त्यावर घेण्यासारखं आहे. लेखाचा कवी रविकीर्ती म्हणतो, पुलकेशीच्या प्रचंड सैन्याच्या लाटांनी कोकणातली मौर्यरूपी डबकी वाहून गेली. 'मौर्यपल्वल' असा शब्द आहे, पल्वल म्हणजे डबकं. त्याआधी पुलकेशीचा बाप कीर्तिवर्मा याला 'नल, मौर्य आणि कदंब यांची काळरात्र' म्हटलंय. एका पिढीने काळरात्र आणली, तरी पुढच्या पिढीला पुन्हा लढावं लागलं. प्रशस्तीतला, म्हणजे राजाच्या स्तुतिलेखातला, विजय म्हणजे शेवट नव्हे, हे त्यातूनच कळतं.

घाटमाथा
बेळगावकडून एक पुरवणी. येलबुर्ग्याच्या सिंदांचे लेख सांगतात की आचुगीने गोवे जाळलं. कदंबांची गादी मात्र पुढेही चालूच राहिली. जाळलं म्हणजे राज्य बुडालं असं धरून तक्त्यात रेघ मारू नका.

सातेरी
मंडळी, हे सोनं आहे. आता सनांकडे या. 'शक ९३० म्हणजे १००८' हे कसं काढतात? मुलांना स्वतः करून बघता आलं तर तक्त्याखाली कोपऱ्यात गणित द्यायचा विचार आहे.

लिपिवेडा
जरूर द्या, पाचवीतल्या मुलालाही जमेल.

१) शकवर्ष + ७८. शक ५३२ म्हणजे इ.स. ६१०. पण शकवर्ष चैत्रात सुरू होतं, त्यामुळे तिथी पौषाचा उत्तरार्ध, माघ किंवा फाल्गुनातली असेल तर साधारण जानेवारी ते मार्च येतो, तेव्हा ७९ मिळवा. महिना दिला नसेल तर '६१०-११' असं जोडून लिहा.

२) कलिवर्ष − ३१०१. गोव्याच्या कदंबांच्या काही लेखांत शक नसून कलियुगाचं वर्ष असतं. हळशीच्या लेखात कलि ४२७० आहे. ४२७० − ३१०१ = ११६९. ऐहोळेत तर दोन्ही आहेत: भारती युद्धापासून ३७३५ आणि शक ५५६. दोन्हीकडून ६३४ येतं, स्वतः पडताळून बघा.

३) ताळा. हा सगळ्यात महत्त्वाचा. लेखात संवत्सराचं, म्हणजे साठ वर्षांच्या चक्रातल्या वर्षाचं, नाव असेल तर शकात १२ मिळवा आणि ६० ने भागा. बाकी राहील तो संवत्सराचा अनुक्रमांक, प्रभव पहिला. बाकी शून्य आली तर साठावा, क्षय. खारेपाटण: ९३० + १२ = ९४२, बाकी ४२. बेचाळिसावा कीलक. लेखातही कीलकच आहे, ज्येष्ठ पौर्णिमा. हळशी: कलि ४२७० म्हणजे शक १०९१. त्यात १२ मिळवले की ११०३, बाकी २३, तेविसावा विरोधी. जुळतं.

जुळलं नाही तर काय? बहुतेक वेळा फरक एकाचा असतो, कारण लेखकाने 'गत' (पूर्ण झालेल्या) वर्षाऐवजी 'वर्तमान' (चालू) वर्ष दिलेलं असतं. एक वजा करून पुन्हा बघा. फरक दहा-वीसचा निघाला तर वाचन चुकलंय, नाहीतर ताम्रपट बनावट असण्याची शंका घ्या.

आणि अंक शब्दांत असतील तर उजवीकडून डावीकडे वाचा. ख म्हणजे ०, नेत्र २, वेद ४, बाण ५. 'ख-बाण-नेत्र' हे ०५२ नसून २५०.

अबोली
लिपिवेडा, संवत्सराचा ताळा वही काढून करून पाहिला. शक १९०९ घेतला, बाकी १, प्रभव. पंचांगाशी जुळतं. मुलं यात रमतील.

दर्यावर्दी
भोजांचा सन मग कसा काढला? त्यांच्या पटांत शक आहे का?

लिपिवेडा
नाही. भोज आणि कोकणच्या मौर्यांच्या पटांत फक्त राज्यवर्ष असतं. 'माझ्या राज्याच्या अमुक वर्षी' एवढंच. त्यामुळे अक्षरांच्या वळणावरून काळ ठरवतात आणि त्यात पन्नास-शंभर वर्षं इकडेतिकडे सहज होतात. म्हणून सातेरीबाय, भोजांसमोर 'इ.स. ३७५ ते ५४०' असं ठाम काही लिहू नका. 'साधारण ४थे ते ६वे-७वे शतक' पुरे.

गोव्याच्या बाबतीत पक्क्या शकाचा जुना लेख हवा तर सत्याश्रय ध्रुवराज इंद्रवर्म्याचा घ्या. शक ५३२. तो बदामीच्या चालुक्यांचा अधिकारी, बसायचा रेवतीद्वीपाला, म्हणजे आजच्या रेडीला, आणि हाताखाली चार विषय-मंडलं, म्हणजे प्रांताचे विभाग. इथेही बघा, वर बदामी, खाली रेडी.

जांभाचिरा
सगळे ताम्रपटांवरच का बोलताहात, शिलालेख का नाहीत, याचं उत्तर आपल्या दगडात आहे. गोव्याचा दगड जांभा. खाणीतून ताजा काढला की मऊ, कोयत्यानेसुद्धा तासता येतो, म्हणूनच हरवळ्याची आणि खांडेपारची लेणी त्यात कोरली गेली. वारा लागला की घट्ट होतो. पण अंगभर भोकं, पोकळ्या, लोहाच्या गुठळ्या. बोटभर उंचीचं अक्षर त्यात सलग उमटत नाही. उमटलं तरी चार महिन्यांच्या पावसात भोकं मोठी होतात आणि काना-मात्रा गळतात. त्यावर कागदी ठसाही नीट निघत नाही: ओला कागद ब्रशने ठोकला की तो भोकात शिरून फाटतो, आणि शाई लावल्यावर अक्षर कुठलं आणि भोक कुठलं ते कळत नाही.

म्हणून ज्याला कायमचं लिहायचं होतं त्याने तांबं घेतलं. ज्याला कायमचं कोरायचं होतं त्याने बाहेरचा दगड आणला. सातेरीबाय, तुमचा तिसरा प्रश्न इथे येतो.

घाटमाथा
म्हणजे तांबडी सुर्ला. तो काळा बेसाल्ट घाटावरून आणला असं सगळीकडे लिहिलेलं असतं.

जांभाचिरा
पुरातत्त्व खात्याच्या माहितीत बेसाल्टही आहे आणि 'टाल्क-क्लोराइट शिस्ट' हेही आहे, म्हणजे आपल्या भाषेत शंखजिऱ्याच्या जातीचा दगड. दोन्ही काळपट, म्हणून गल्लत होते. पण वागणूक वेगळी. बेसाल्ट कठीण, छिन्नी मारली की ठिणगी उडते, त्याची नक्षी मोठी आणि ठसठशीत येते. शंखजिरा मऊ, हाताला तुळतुळीत लागतो, त्यात जाळीकाम आणि कातीव खांब निघतात. तांबडी सुर्लाचे खांब, छताचं कमळ आणि कक्षासनाच्या (मंडपाच्या कडेच्या दगडी बाकाच्या) पाठीवरची नक्षी बघा, हा मऊ दगडाचाच हात आहे. नख किंवा किल्ली लावून तपासायचा मोह मात्र कुणी धरू नये. वास्तू संरक्षित आहे आणि ओरखडा भरून येत नाही.

घाटमाथा
कमळादेवीने बांधलं हे तरी नक्की? आमच्याकडे देगावचं कमलनारायण देऊळ तिचंच. ती शिवचित्त पेर्माडीची राणी.

अंत्रुजकर
देगावला लेख आहे, तांबडी सुर्लाला स्थापनेचा लेख नाही. साम्यावरून तिचं नाव जोडलं गेलं. काळही कुणी १२वं शतक म्हणतात, कुणी १३वं, आणि शैलीला कदंब-यादव असं जोडनाव देतात. चित्र जरूर काढा सातेरीबाय, पण खाली 'कमळादेवीने बांधले' लिहू नका. 'कदंब-यादव शैली, १२वे-१३वे शतक' लिहा.

निव्वळ कदंबांचं चिन्ह हवं तर सोन्याचं नाणं काढा. एका बाजूला सिंह, दुसऱ्या बाजूला नागरीत 'श्रीसप्तकोटीश्वरलब्धवरप्रसाद'. मुलांना वाचताही येईल.

अबोली
मग प्रत्येक घराण्याचं लांच्छन, म्हणजे राजचिन्हच का नको? मुलांना चित्रं आवडतात.

लिपिवेडा
उत्तम सूचना, अबोलीबाय. ताम्रपटाच्या कडीवरची मुद्रा बघून घराणं ओळखायची रीतच आहे. भोजांचा हत्ती, बदामी चालुक्यांचा वराह, शिलाहारांचा गरुड, कदंबांचा सिंह. चार चित्रं पुरतील.

दर्यावर्दी
दर्याची बाजू राहून चालली आहे. चांदर कुशावतीच्या काठी आत पडतं. पहिल्या जयकेशीने राजधानी जुवारीवरच्या गोपकपट्टणला नेली, म्हणजे आजच्या थोरल्या गोव्याला. कारण व्यापार. खोल पाणी, आणि मोठी गलबतं धक्क्याला लागतात. आगशीकडे ओहोटीला जांभ्याच्या भिंतीचे अवशेष दिसतात. भरतीच्या वेळी जाऊन काही दिसणार नाही. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात पाणी सर्वांत खाली जातं, तेव्हाची ओहोटी साधावी लागते. ह्याच जयकेशीच्या ताम्रपटात ताजिक म्हणजे अरब वंशाचा कारभारी येतो आणि 'मिजिगिती'साठी व्यवस्थाही येते. मिजिगिती म्हणजे मशीद. अकराव्या शतकातलं बंदर कसं होतं ते एका शब्दात कळतं.

साष्टीकर
चांदरवर अन्याय नको. विटांच्या देवळाचा पाया आणि बिनशिराचा नंदी अजून तिथे आहे. शिलाहारांनाही चंद्रपूर हवंच होतं. खारेपाटणच्या पटात अय्यप शिलाहाराने चंद्रपुराजवळ नारळाच्या पाण्याने स्नान केल्याचं लिहिलंय. विजयाचं स्नान आणि तेही नारळपाण्याने, याहून गोमंतकीय ओळ कुठल्या लेखात नसेल.

अबोली
आजच्या शहाळ्याच्या भावात ही आंघोळ राजालाच परवडावी :)

खाजनकांठ
धागा सुरुवातीपासून वाचला. राजे बरेच झाले, आता जमीन घ्या. अनिर्जितवर्म्याच्या बांदोड्याच्या पटात 'खज्जन' शब्द आहे. दान मिळालेल्या ब्राह्मणाने समुद्राचं पाणी अडवून जमीन लागवडीखाली आणायची अशी त्यात योजना आहे. म्हणजे आपली खाजन शेती, खाऱ्या पाण्याला बांध घालून केलेली, दीड हजार वर्षांपूर्वी राजपत्रात आलेली आहे, आणि तिथला शब्द आजही शेतात उभ्या माणसाच्या तोंडी आहे.

तक्त्यात याचं एक चित्र हवंच. रचना साधी: नदीकडे मातीचा बांध, आत चिखल आणि पेंढा, बाहेरच्या अंगाला जांभा. बांधात मानस, म्हणजे पाण्याची झडप. तिची लाकडी दारं आतून बाहेर पाणी गेलं की उघडतात आणि भरतीच्या रेट्याने आपोआप मिटतात. आत पाणी साठायला पोंय. शेतात कोरगुट भात, कारण ते खारं सोसतं. बिघडतं ते तीन ठिकाणी: खेकडे बांधात बिळं करतात, मानशीचं दार कुजतं, किंवा मासळीच्या लोभाने दारं भरतीला उघडी ठेवतात. एकदा खारं पाणी शेतात तुंबलं की पावसाने मीठ धुऊन निघेपर्यंत पीक नाही.

हे काम एकट्याने होत नाही, गावाने मिळून करावं लागतं, म्हणून गावकरी, म्हणजे गावाची सामाईक संस्था, हवी. वर बदामी असो, मान्यखेट असो की कल्याणी, बांधाला भगदाड पडलं की धावायचं गावालाच. लिपिवेडाबाब दोन ओळी म्हणाले. माझ्या मते तीन हव्यात, तिसरी गावाची, आणि ती डावीकडून उजवीकडे कुठेही न तोडता.

लिपिवेडा
खाजनकांठबाब, हे मला सुचलं नव्हतं. माझं पहिलं म्हणणं अपुरं होतं. तीन ओळीच बरोबर.

फक्त एक सुधारणा. तिसरी ओळ अखंड असली तरी बांदोड्याच्या पटाआधी ती तुटक रेघेने दाखवा. लिखित पुरावा तिथून सुरू होतो.

खाजनकांठ
कबूल. त्याआधीच्या माणसांसाठी उसगाळीमळची चित्रं आहेतच. कुशावतीच्या काठच्या जांभ्यावर कोरलेले बैल आणि ते चक्रव्यूहासारखं वर्तुळ. डाव्या समासात एक बैल काढा.

घाटमाथा
'कोंकण ९००' हा आकडाही तक्त्यात घेणार का? कदंबांच्या लेखांत 'कोंकण ९००' आणि 'पलसिगे १२०००' येतं. पलसिगे म्हणजे हळशी.

अंत्रुजकर
घ्या, पण 'नऊशे गावं होती' असं लिहू नका. हे प्रदेशाच्या नावाला चिकटलेले आकडे आहेत, आज आपण 'बारदेश' म्हणतो आणि बारा मोजत नाही, तसे. शिरगणतीचा आकडा समजून गुणाकार केला की फसगत.

दर्यावर्दी
एक गोष्ट धाग्याबाहेरची, पण हवीच. तक्ता लागला की गावात कुणीतरी सांगणार, आमच्या देवळाच्या पेटीत तांब्याचे कोरीव पत्रे आहेत. तेव्हा काय करायचं तेही खाली लिहा.

लिपिवेडा
अगदी बरोबर. आधी काय करू नये ते. चिंच, लिंबू, राख, पितांबरी काहीही लावू नका. चकचकीत होतो तो वरचा थर आणि त्याबरोबर उथळ अक्षरंही जातात. कडी कापू नका. पत्र्यांचा क्रम आणि मुद्रेचा पुरावा त्या कडीतच असतो. अक्षरांत पीठ किंवा खडू भरू नका.

फोटोसाठी पत्रा कापडावर आडवा ठेवा, खोली अंधारी करा, विजेरी एका बाजूने जवळजवळ पत्र्याच्या पातळीवर धरा. सावलीत अक्षर उठून येतं. प्रकाश चारही बाजूंनी देऊन चार फोटो, शेजारी पट्टी ठेवून. समोरून फ्लॅश मारला तर सगळं सपाट दिसतं. पहिल्या आणि शेवटच्या पत्र्याची बाहेरची बाजू बहुधा कोरी असते, तरीही तिचा फोटो घ्या.

आणि जमिनीत सापडलं असेल तर १८७८ च्या निखात निधी कायद्याप्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. घरी ठेवून चालत नाही.

सातेरी
सगळ्यांचे मनापासून आभार. नवा आराखडा असा केलाय, तपासा.

बाण काढून टाकले. इ.स.पू. ३०० ते इ.स. १५१० म्हणजे १८०९ वर्षं (शून्य वर्ष नसतं हे आता कळलं). १ इंच = ३० वर्षं धरली की साधारण ६० इंच लागतात. भिंत ७२ इंच, दोन्ही बाजूंना साधारण ६ इंच समास. डाव्या समासात उसगाळीमळचा बैल.

वरची ओळ: मौर्य, सातवाहन, बदामी, राष्ट्रकूट, कल्याणीचे चालुक्य, यादव, मग बहमनी, विजयनगर, १४७२ ला महमूद गावानने पुन्हा घेतलं ते, आणि आदिलशाही. मधली ओळ: भोज, कोकणचे मौर्य, रेवतीद्वीपाचा अधिकारी, शिलाहार, गोव्याचे कदंब. खालची: गावकरी आणि खाजन, आधी तुटक, मग सलग. अक्षरवटिकेवरून ठरवलेल्या काळाला तुटक कड, शकाचा पुरावा असलेल्याला भरीव. भरीव खुणा चार: ६१०, ६३४, १००८, ११६९. चार लांच्छनं. खाली शकाचं गणित आणि ताळा.

लिपिवेडा
खुणांची मापं भिंतीच्या डाव्या कडेपासून: ६१० ला ३६.३ इंच, ६३४ ला ३७.१, १००८ ला ४९.६, ११६९ ला ५४.९. पहिल्या दोन एका इंचाच्या आत येतात, तेव्हा ६३४ चं लेबल वर आणि ६१० चं खाली टाका, नाहीतर अक्षरं एकमेकांवर चढतील. शिलाहार आणि कदंब यांचे पट्टे दहाव्या-अकराव्या शतकात एकमेकांवर येऊ द्या. तिथे रेघ मारून वेगळे करू नका.

जांभाचिरा
भिंत जांभ्याची असेल तर रंग आत्ता नको. पावसाचं पाणी चिऱ्यात मुरलेलं असतं, वर ऑईल पेंट मारला की फुगे धरून पापुद्रे सुटतात. दिवाळीनंतर भिंत कोरडी होऊ द्या, गिलावा तपासा, मगच आखणी.

सातेरी
भिंत जांभ्याचीच आहे. मार्गशीर्षात आखणी करते.